फ्री सॉफ्टवेअर की ओपन सोर्स? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी इंटर्नशिपची नवी पोरं आली की टपरीवर चहा पिताना हेच प्रश्न येतात, आणि तीच उत्तरं देऊन घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. क्रम माझ्या सोयीचा आहे. मी तटस्थ वगैरे अजिबात नाही, ते वाचताना कळेलच.

दोन्ही एकच ना शेवटी? मग भांडण कशाचं?

कोड, म्हणजे प्रोग्रामर जे लिहितो ते, बघितला तर जवळजवळ एकच. जे फ्री सॉफ्टवेअर आहे ते बहुतेक सगळं ओपन सोर्स आहे आणि उलटंही. फरक कोडमध्ये नाही, "का" मध्ये आहे.

मी पोरांना वारीचं उदाहरण देतो. दोघं आळंदीहून पंढरपूरला चालत निघालेत. एकाला विठोबा भेटायचाय, दुसरा म्हणतो चालणं तब्येतीला बरं, शिवाय सोबत मस्त असते. रस्ता तोच, चिखल तोच, मुक्कामाची भाकरीही तीच, त्यामुळे वरून बघणाऱ्याला दोघं सारखेच वारकरी दिसतात. मग दिवेघाटाच्या चढाला बाजूला एक एसी गाडी थांबते आणि आतला म्हणतो "चला, सोडतो की पंढरपूरला". तब्येतवाला विचार करायला लागतो, आज पाय दुखतायत, बसावं का, पुढच्या मुक्कामाला उतरू. विठोबावाल्याच्या लेखी हा प्रश्नच नसतो.

ओपन सोर्सवाला म्हणतो कोड उघडा ठेवला की सॉफ्टवेअर चांगलं बनतं. फ्री सॉफ्टवेअरवाला म्हणतो माझ्या कॉम्प्युटरवर माझा ताबा असणं हा माझा हक्क आहे, सॉफ्टवेअर चांगलं बनो की वाईट. बंद सॉफ्टवेअर जास्त चांगलं चालत असेल तेव्हाच या दोघांची तोंडं दोन दिशांना होतात, तोवर नाही.

'फ्री' म्हणजे फुकट नाही असं सगळे सांगतात, मग मराठीत काय म्हणायचं?

इथे मराठीची एक गंमत आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र दोन्ही बसतं, त्यामुळे त्या लोकांना आयुष्यभर "फुकट बिअरवालं फ्री नाही, भाषणस्वातंत्र्यवालं फ्री" असं समजावत बसावं लागलं. आपल्याकडे हा घोळच नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं, "फुकट ते पौष्टिक" म्हणणारा माणूस "मुक्त ते पौष्टिक" कधी म्हणणार नाही.

पण आपण दुसरा घोळ घातला. ओपन सोर्सचं मराठी 'मुक्त स्रोत' केलं. आता मुक्त म्हणजे फ्री की ओपन? नाशिकचं मुक्त विद्यापीठ हे ओपन युनिव्हर्सिटी, तिथे मुक्त म्हणजे ओपन, म्हणजे दार उघडं, कुणीही या. आणि मुक्त झालेला माणूस म्हणजे सुटलेला, स्वतंत्र. एकाच शब्दात दोन्ही घुसलं आणि ज्या फरकावर जगभर डोकी फुटली तो मराठीत दिसेनासाच झाला. मी स्वतः फ्रीला 'मुक्त' आणि ओपनला 'खुला' म्हणतो, पण ऑफिसात सगळे ओपन सोर्सच म्हणतात, मीही म्हणतो, काय करणार.

हे सगळं सुरू कुठून झालं?

प्रिंटरवरून. खरंच.

रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रामर १९७१ पासून अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबमध्ये काम करायचा. तिथे प्रोग्राम एकमेकांना देणं हे शेजारी विरजण मागण्याइतकं साधं होतं, लायसन वगैरे भानगड नव्हती. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, तर याने कोडमध्ये बदल करून अशी सोय केली की अडकला की ज्यांचं प्रिंटिंग थांबलंय त्यांच्या स्क्रीनवर मेसेज जायचा. मग १९८० च्या आसपास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, कागद त्याच्यातही अडकायचाच, पण या वेळी सोर्स कोड मिळाला नाही. तो कोड दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे होता, स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला नाही देता येत, मी गुप्ततेच्या करारावर सही केलीय. एवढंच झालं. आपण असतो तर दोन शिव्या घालून चहाला गेलो असतो, पण या माणसाने डोक्यात धरलं की ही सही म्हणजे बाकीच्या सगळ्यांना मदत नाकारायचं वचन आहे.

२७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू प्रोजेक्टची घोषणा केली, म्हणजे युनिक्स या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी पण पूर्ण मुक्त सिस्टिम. जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली, कारण नोकरीत राहून लिहिलेल्या कोडवर संस्थेने हक्क सांगितला असता. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन निघालं.

ती चार स्वातंत्र्यं काय आहेत?

मोजणी शून्यापासून, प्रोग्रामर लोक ना. शून्य, प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवा. एक, आत काय आहे ते बघा आणि हवं तसं बदला, म्हणजे सोर्स कोड हातात पाहिजे हे आलंच. दोन, त्याच्या कॉप्या वाटा. तीन, तुमची बदललेली आवृत्तीही वाटा. १९८६ ची पहिली व्याख्या होती तेव्हा दोनच गोष्टी होत्या, वाटणं आणि बदलणं, बाकीची फोड नंतर झाली. "विकू नका" असं यात कुठेही नाही. हवे तेवढे पैसे घ्या.

मग ओपन सोर्स हे नाव कुणी काढलं?

२२ जानेवारी १९९८ ला नेटस्केपने जाहीर केलं की आमच्या ब्राउझरचा सोर्स कोड आम्ही देणार. त्या काळी मायक्रोसॉफ्ट इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट वाटून त्यांना खात होतं, त्यामुळे हा थोडा बुडत्याचा हात पण होता. लगेच ३ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात पालो अल्टोला काही लोक बसले की या संधीचा फायदा कसा घ्यायचा, आणि तिथे क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह, म्हणजे ओएसआय, काढली.

हेतू सरळ होता. कंपनीच्या साहेबासमोर 'फ्री' म्हटलं की त्याला एकतर फुकट ऐकू येतं नाहीतर क्रांती, आणि दोन्ही शब्दांनी साहेब बिचकतो. म्हणून नैतिकतेचं भाषण बाजूला ठेवून फायद्याचं बोलायचं, बग लवकर सापडतात, खर्च कमी, एका व्हेंडरच्या दावणीला बांधून घ्यावं लागत नाही. मार्केटिंग म्हणून हे इतकं जबरदस्त चाललं की आज ज्यांनी आयुष्यात चार स्वातंत्र्यं ऐकलेली नाहीत असे लाखो लोक रोज गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, वापरतात.

स्टॉलमनला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. आणि पेरेन्सनेच वर्षभरात, फेब्रुवारी १९९९ मध्ये, लिहिलं की आता परत फ्री सॉफ्टवेअरबद्दल बोलायची वेळ आलीय. ज्याने संस्था काढली त्यालाच वर्षात हुरहूर लागली.

दोघांच्या व्याख्या तरी वेगळ्या आहेत का?

कागदावर वेगळ्या, निकाल बहुतेक सारखाच. ओएसआयची दहा कलमं डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या १९९७ च्या नियमावरून घेतलीत, आणि डेबियन तर फ्री सॉफ्टवेअरवाल्यांचंच. काही लायसनवर मतभेद आहेत, उदाहरणार्थ नासाचं एक ओपन सोर्स लायसन ओएसआयला चालतं, फाउंडेशन त्याला मुक्त मानत नाही. तुमच्या-माझ्या कामात हे कधी येत नाही, सोडून द्या.

जीपीएल म्हणजे फ्री सॉफ्टवेअर आणि एमआयटी लायसन म्हणजे ओपन सोर्स, बरोबर?

नाही नाही नाही. हा सगळ्यात कॉमन गैरसमज, इंटरव्ह्यूला आलेले दहा वर्षं अनुभववाले पण हेच बोलतात. जीपीएल (हे स्टॉलमनचं, ग्नू प्रोजेक्टचं), एमआयटी, बीएसडी, अपाची ही सगळी लायसन दोन्ही बाजूंना मान्य आहेत. जीपीएल आणि एमआयटीमधला फरक कॉपीलेफ्टचा आहे, तो वेगळा विषय.

कॉपीलेफ्ट म्हणजे मी तुला स्वातंत्र्य दिलं, तू पुढे देताना ते काढून घ्यायचं नाहीस. जीपीएलचा कोड बदलून तुम्ही कुणाला दिलात तर तुमचा बदललेला सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. एमआयटी आणि बीएसडी म्हणतात, आमचं नाव आणि ही नोटीस ठेवा, बाकी बंद करून विका, आमचं काही म्हणणं नाही.

नाही म्हणणं म्हणजे काय होतं त्याचं उदाहरण मिनिक्स. अँड्र्यू टॅननबाउम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवायला छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती, पुढे ती बीएसडी लायसनखाली दिली. २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटात जो मॅनेजमेंट इंजिन नावाचा छुपा छोटा कॉम्प्युटर असतो त्यावर मिनिक्स चालतं. म्हणजे करोडो मशीनवर सरांचा कोड, आणि मशीनच्या मालकाला तो ना दिसत ना बदलता येत. सरांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं, सूर असा की लायसनने बंधन नव्हतं पण निदान कळवायचं तरी. मला ते पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

जीपीएलचा कोड ऑफिसमध्ये वापरला तर आमचा सगळा कोड द्यावा लागतो म्हणे?

आत वापरला तर नाही. बाहेर कुणाला प्रोग्राम दिलात तरच, आणि ज्यांना दिला त्यांना. सर्व्हरवर ठेवून लोकांना फक्त वेबसाईट दाखवलीत तर जीपीएल लागूच होत नाही, कारण कॉपी कुणाला दिलीच नाही. ही फट बुजवायला २००७ मध्ये ग्नूचं एजीपीएल आलं, त्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. म्हणूनच काही मोठ्या कंपन्यांत एजीपीएलचं नाव काढलं तरी लीगलवाले धावत येतात.

बरं, पण हा तत्त्वज्ञानाचा फरक प्रत्यक्षात कधी कुणाला नडलाय का?

नडलाय की, आणि तुम्ही रोज ज्यावर कोड ढकलता ते गिट त्यातूनच जन्मलंय. ही गोष्ट मी सविस्तर सांगणार, कारण दिवेघाटातली एसी गाडी यात अक्षरशः येते.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलं. दहा वर्षांत जगभरातून इतके पॅच, म्हणजे कोडमधले बदल, यायला लागले की ईमेलवरून ते सांभाळताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. बिटकीपर नावाचं बदलांची नोंद ठेवणारं एक मस्त टूल होतं, पण बंद सोर्सचं. कंपनीच्या मालकाने, लॅरी मॅकव्हॉयने, सांगितलं की कर्नलवाल्यांना फुकट वापरायला देतो. अट अशी की फुकट वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करेल असं टूल बनवायचं नाही. २००२ मध्ये लिनस गाडीत बसला. फ्री सॉफ्टवेअरवाल्यांनी आरडाओरडा केला की जगातला सगळ्यात मोठा मुक्त प्रोजेक्ट बंद टूलवर कसा काय चालवता. लिनसचं म्हणणं साधं, यापेक्षा चांगलं मुक्त टूल दाखवा, वापरतो. ओपन सोर्सवाल्याच्या तोंडचं इतकं स्वच्छ वाक्य शोधून सापडणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत काम खरंच भराभर झालं, हे नाकारून उपयोग नाही.

मग अँड्र्यू ट्रिजेल, साम्बा नावाचं मुक्त फाईल शेअरिंगचं सॉफ्टवेअर लिहिणारा, त्याने बिटकीपर न वापरताच त्याच्या सर्व्हरमधून माहिती काढायचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कंपनी म्हणाली हे आमचं रिव्हर्स इंजिनिअरिंग, म्हणजे बाहेरून बघून आतलं शोधून काढणं, चाललंय, आणि एप्रिल २००५ मध्ये फुकटचं लायसन काढून घेतलं. त्याच महिन्यात ट्रिजेलने एका कॉन्फरन्समध्ये सगळ्यांसमोर दाखवलं की त्याने काय भयंकर केलं होतं, तर टेलनेट या दूरच्या मशीनला जोडायच्या जुन्या साध्या टूलने सर्व्हरला जोडून 'हेल्प' असं टाईप केलं, सर्व्हरने कमांडची यादीच दिली.

गाडीवाल्याने मध्येच उतरवलं. लिनसने ३ एप्रिलला नवं टूल लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. चार दिवस. आणि बिटकीपर? २०१६ मध्ये तेही अपाची लायसनखाली खुलं केलं, तोवर फार कुणाला गरज राहिली नव्हती.

ही गोष्ट सांगितली की दोन्ही पक्ष म्हणतात बघा, आमचंच खरं. मुक्तवाले म्हणतात आम्ही सांगत होतो. खुलेवाले म्हणतात बिटकीपर वापरल्यामुळेच लिनसला चांगलं टूल कसं असतं ते कळलं. मी एवढंच विचारतो, चार दिवसांत गिट लिहिणारा लिनस होता म्हणून निभावलं, तुमच्या-माझ्यासारख्याला उतरवलं असतं तर?

म्हणजे साध्या माणसाला काय होतं?

माझ्या मामाला काय झालं ते सांगतो. मिरजेत छापखाना, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल. नव्वदच्या दशकात त्याने मराठी डीटीपीचं एक सॉफ्टवेअर घेतलं, डोंगलवालं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे तो छोटा डबा लावला तरच चालणार. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच नंबर देणारी पद्धत, वापरात नव्हती तेव्हा, प्रत्येकाचे फॉन्ट आपापले, आत साठवलेलं सगळं रोमन अक्षरांच्या जागांवर, फॉन्ट काढला की स्क्रीनवर नुसती खिचडी. पंधरा वर्षांनी डोंगल मेला. कंपनी म्हणाली ती आवृत्ती आता नाही, नवीन घ्या, आणि नव्यात जुन्या फाईली नीट उघडेचनात. पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर, स्वतः टाईप केलेला मजकूर, आणि उघडायची परवानगी दुसऱ्याच्या खिशात. काही मंडळांचे इतक्या वर्षांचे अहवाल त्याने छापील प्रतीवरून परत टाईप करून घेतले, रोजंदारीवर पोरगी बसवून.

मामाला चार स्वातंत्र्यं वगैरे सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे माझ्या कपाटाची किल्ली माझ्याकडं, एवढंच ना?" एवढंच, मामा.

आज परिस्थिती बरी आहे. मुंबईच्या एक टाईपचा फॉन्ट आहे, नावच 'मुक्ता', आयआयटी मुंबईचा 'शोभिका' आहे, दोन्ही ओपन फॉन्ट लायसनखाली, म्हणजे वापरा, बदला, छापा, कुणाला विचारायला नको. टेसरॅक्ट नावाचं मुक्त ओसीआर, म्हणजे छापील पानावरची अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, मराठी वाचतं, मामाच्या वेळी असतं तर त्या पोरीचं अर्ध्याहून जास्त टाईपिंग वाचलं असतं.

लिनस मग कुठल्या बाजूचा?

खुल्या. कर्नलचं पहिलं लायसन तर त्याने स्वतःच बनवलं होतं, पैसे घेऊन वाटायला मनाई होती त्यात, १९९२ मध्ये जीपीएलवर आला. पुढे टिव्हो नावाचा टीव्ही रेकॉर्ड करायचा डबा आला, आत लिनक्स, सोर्सही देत होते नियमाप्रमाणे, पण बदललेला कोड डब्यात टाकला तर डबा सही तपासून चालूच व्हायचा नाही. स्टॉलमनने २००७ च्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत हे बंद केलं. लिनस म्हणाला, मला फक्त तुमचा सुधारलेला कोड परत द्या, डबा तुमचा आहे. कर्नल आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे. एकाला कोडची काळजी, दुसऱ्याला डबा विकत घेतलेल्या माणसाची.

ओपन सोर्स जास्त सुरक्षित असतं ना? हजारो डोळे बघतात.

बघू शकतात. बघतातच असं नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षेतला बग सापडला तेव्हा कळलं की ज्या ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अर्ध्या इंटरनेटचं कुलूप होतं त्या प्रोजेक्टला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या येत होत्या. सोसायटीत सगळ्यांना वाटतं टाकी दुसरा कुणीतरी तपासत असेल, तसं.

मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण त्याहून भारी. कॉम्प्रेशनची एक छोटी लायब्ररी, सांभाळणारा एकटा थकलेला माणूस. कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, पॅच पाठवून, विश्वास कमावून मेंटेनर झाला आणि मागचं दार बसवलं. पकडलं कुणी, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, कारण त्याचं एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरणं, अर्धा सेकंद उशिरा व्हायला लागलं होतं. अर्धा सेकंद! आपण त्याला नेटला शिव्या देऊन सोडून दिलं असतं. कोड खुला होता म्हणून तो आत शिरून शोधू शकला हे खरं, पण कोड खुला होता म्हणूनच तो दुसराही आत शिरला.

म्हणून मी "सुरक्षित असतं" हे कारण देणं सोडलं. ते कधी खरं, कधी खोटं. किल्ली माझ्याकडे असणं हे मात्र बग सापडला म्हणून बदलत नाही.

फुकट द्यायचं तर घर कसं चालवायचं?

सपोर्ट, होस्टिंग, ग्राहकाला हवे ते बदल करून देणं. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने याच्यावर २०१२ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरचा धंदा ओलांडला, २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्जांना ती कंपनी घेतली. एवढं लांब नको तर मुंबईची फ्रापे बघा, त्यांचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली आहे, पूर्ण अकाउंटिंग, स्टॉक, सगळं, आणि कंपनी होस्टिंगचे पैसे घेते. झेरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला मुक्त प्रोजेक्टसाठी. तरी खरं बोलायचं तर बहुतेक मेंटेनर रात्री जागून फुकट काम करतात, आणि वर इश्यूमध्ये, म्हणजे तक्रारींच्या यादीत, लोकांच्या शिव्या खातात. हा प्रश्न दोन्ही पक्षांना सुटलेला नाही.

कंपन्या मध्येच लायसन बदलतात ते कसं काय चालतं?

चालतं, कारण कॉपीराईट त्यांचाच असतो आणि तुम्ही कोड देताना बऱ्याचदा हक्क देऊन टाकलेले असतात, ते सही करायचं पान कुणी वाचत नाही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये बदललं, इलास्टिकने २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये. तक्रार सगळ्यांची तीच, आम्ही बनवायचं आणि क्लाउडवाल्या बड्यांनी भाड्याने देऊन कमवायचं. तक्रार खोटी नाही. पण ज्या कंपनीने ओपन सोर्स फायद्याचं म्हणून घेतलं ती फायदा संपल्यावर सोडणारच, त्यात दगा काय झाला? दिवेघाटात गाडी आली, बसले.

यावर उत्तरही स्वातंत्र्य नंबर तीनमध्येच आहे. जुन्या लायसनखालची आवृत्ती कुणी परत घेऊ शकत नाही, म्हणून ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की हे फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून वेगळे काढलेले प्रोजेक्ट, निघाले. आणि गंमत म्हणजे इलास्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये एजीपीएल घेऊन परत आले. म्हणजे साहेब ज्याला घाबरतात तेच कॉपीलेफ्ट शेवटी कामाला आलं.

अँड्रॉइड ओपन सोर्स आहे ना?

अर्धं. कर्नल जीपीएल, वरचं बरंचसं अपाची, आणि प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस वगैरे गुगलचं बंद. ते काढलं तर बऱ्याच बँकांची ॲप रुसतात. ओपन सोर्सच्या व्याख्येत अँड्रॉइडचा पाया पास होतो, पण तुमच्या खिशातल्या फोनवर तुमचा ताबा किती हे तुम्हीच बघा.

क्रॅक व्हर्जन पण फुकटच की. मग फरक काय?

अरे बाबा. किल्ली चोराची आहे ती.

स्टॉलमनबद्दल बरंच वाईट ऐकलंय.

त्यातलं बरंच खरं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये एका ईमेल चर्चेतल्या विधानांवरून वादळ उठलं आणि त्याने एमआयटी व फाउंडेशन दोन्हीचा राजीनामा दिला. मार्च २०२१ मध्ये फाउंडेशनच्या बोर्डावर परत आला तेव्हा रेड हॅटने त्यांचा निधी थांबवला. वागायला बोलायला अवघड माणूस, आणि त्याच्या स्वभावामुळे कित्येक चांगले लोक, विशेषतः मुली, या चळवळीपासून लांब राहिल्या असं मला वाटतं. जीपीएल मात्र मी त्याच्याकडे बघून वापरत नाही.

आपलं सरकार काय म्हणतं?

केंद्राचं २०१५ चं धोरण आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आहे. मनापासून काही केलं ते केरळने, तिथे शाळांतून मुलं ग्नू लिनक्सवर शिकतात, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवातही २००१ मध्ये तिरुवनंतपुरमलाच झाली. त्यांनी शब्दही 'स्वतंत्र' आणि 'मुक्त' असे धरून ठेवले. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीतूनही, चांगले आहेत, लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरपासून पायथन या प्रोग्रामिंग भाषेपर्यंत, पण कॉलेजात विचारलं तर दहातल्या दोघांना माहीत असतात.

एआय मॉडेल्सना ओपन सोर्स म्हणतात ते खरं का?

बहुतेक वेळा नाही. नुसते वेट्स, म्हणजे मॉडेलच्या आतले शिकलेले आकडे, डाउनलोड करता आले म्हणजे ओपन सोर्स नव्हे. मेटाच्या लामा या मॉडेलच्या लायसनमध्ये महिन्याला ७० कोटींच्या वर युजर असणाऱ्यांना वेगळी परवानगी घ्यायला लागते, ही अट ओपन सोर्सच्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही. ओएसआयने ऑक्टोबर २०२४ मध्ये एआयसाठी वेगळी व्याख्या काढली, त्यात ट्रेनिंगचा सगळा डेटा द्यायलाच हवा असं नाही, माहिती पुरेशी दिली तरी चालतं, आणि त्यावरूनही जुंपलीच. माझ्या मते डेटा नसेल तर स्वातंत्र्य नंबर एक लंगडं.

तुम्ही स्वतः शंभर टक्के मुक्त वापरता का?

नाही. ऑफिसचा लॅपटॉप बंद, फोनवर बँकेचं ॲप बंद, घरच्या वायफायचा ड्रायव्हर बंद, आणि घरच्या ग्रुपला व्हॉट्सॲप सोडा म्हटलं तर मलाच ग्रुपमधून काढतील. दिवेघाटात मी किती वेळा गाडीत बसलोय त्याची मोजदाद नाही. फक्त बसताना गाडी कुणाची आहे ते बघून बसतो, आणि माझ्या फाईली कायम अशा फॉरमॅटमध्ये ठेवतो की उतरवलं तरी पिशवी हातात राहील.

मी कोड लिहीत नाही, मी काय करू शकतो?

लिब्रेऑफिस मराठीत लावून बघा, जिथे भाषांतर वाचून हसू येईल ते कळवा, भरपूर आहेत. मराठी स्पेलचेकमध्ये नसलेले शब्द पाठवा. टेसरॅक्टला तुमच्या आजोबांचं जुनं पुस्तक वाचायला देऊन कुठे जोडाक्षर चुकतं ते लिहून पाठवा. आणि घरात कुणाचं दुकान असेल तर आज संध्याकाळी त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून सगळा डेटा बाहेर काढता येतो का ते एकदा करून बघा, डोंगल जिवंत आहे तोवर.